काट्याचा खरेपणा : परदेशी मोटारीच्या वेगमापकाची कथा

व्यापाऱ्याच्या पेढीवर तराजूचे स्थान देव्हाऱ्याच्या खालोखाल असते. सकाळी दुकान उघडले की पारडी पुसली जातात, काटा शून्यावर आहे की नाही हे पाहिले जाते, आणि वैधमापन खात्याचा शिक्का ठरलेल्या मुदतीत वजनांवर उमटवून घेतला जातो. माप खोटे निघाले तर माल कितीही चांगला असला तरी पेढीची पत जाते, हे त्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच घराच्या दारात उभ्या असलेल्या मोटारीतील वेगमापक हेही एक मापच आहे, याचा विसर सहसा पडतो. त्या मापावर घरातील माणसांचे प्राण तोलले जातात, आणि तरीही ते क्वचितच कोणी तपासून पाहते.

मोटार परदेशातून आलेली असली तर हा विसर अधिकच महाग पडतो. समजा, सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याचा थोरला मुलगा काही वर्षे इंग्लंडमध्ये नोकरी करून परततो आणि तेथे वापरलेली मोटार जहाजाने मुंबई बंदरात उतरवतो. इंग्लंडमध्येही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालत असल्यामुळे सुकाणू उजवीकडेच असते. ती अडचण येत नाही. अडचण येते ती तबकडीची. तेथील तबकडीवर ठळक आकडे मैलांचे असतात आणि किलोमीटरचे आकडे आतील वर्तुळात बारीक अक्षरांत छापलेले असतात. भारताच्या आयात नियमांनुसार वापरलेली मोटार तीन वर्षांहून जुनी नसावी लागते, आणि तिचा वेगमापक किलोमीटरमध्ये वेग दाखवणारा असावा लागतो. म्हणून अशा मोटारीची तबकडी बदलणे ही हौस नसून आवश्यकता ठरते.

मैल आणि किलोमीटर

एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. हा गुणाकार शाळेत सर्वांनी केलेला असतो. परंतु धावत्या मोटारीत तो कोणी करत बसत नाही. काटा ६० वर आहे एवढेच नजरेला दिसते. ते ६० मैलांचे असतील, तर मोटार प्रत्यक्षात ताशी साडेशहाण्णव किलोमीटर वेगाने धावत असते. थांबण्यासाठी ब्रेकना जी ऊर्जा शोषावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ६० किलोमीटर समजून चाललेल्या त्या मोटारीला थांबण्यासाठी अडीच पटींहून अधिक अंतर लागते. शाळेसमोरच्या रस्त्यावर या एका गैरसमजाची किंमत काय होऊ शकते, ते वेगळे सांगावयास नको.

भारतात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणाच्या जागी किलोग्रॅम येऊ लागला. पुढे रस्त्यांवरही मैलांची जागा किलोमीटरने घेतली. भाषेत मात्र मैलाचा दगड तसाच राहिला. काही जुन्या घराण्यांनी आजोबांच्या काळातील विलायती मोटारी आजही जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या तबकड्यांवरही मैलच आहेत, आणि नातवंडे त्या मोटारी चालवू लागली की हाच गैरसमज नव्याने जन्म घेतो.

काटा हलतो कसा

जुन्या वेगमापकाची रचना साधी आणि सुंदर आहे. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ साली तिचे एकस्व घेतले. गिअरबॉक्समधून निघालेली लवचीक केबल तबकडीमागे असलेल्या लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती धातूची एक हलकी वाटी असते. ती चुंबकाला चिकटलेली नसते. चुंबक फिरू लागला की वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. घड्याळातल्यासारखी एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि खेच यांचा जेथे मेळ बसतो, तेथे काटा स्थिरावतो. किलोमीटर मोजणारा अंतरमापक मात्र चुंबकावर अवलंबून नसतो. तो दात्यांच्या चाकांनी थेट केबलला जोडलेला असतो.

आजच्या मोटारींत केबल राहिलेली नाही. चाकाजवळचा किंवा गिअरबॉक्समधील संवेदक विद्युतस्पंद पाठवतो आणि ते मोजून इलेक्ट्रॉनिक यंत्रणा काटा हलवते. तरी तत्त्व तेच आहे. यंत्राला रस्ता दिसत नाही. ते केवळ फेरे मोजते, आणि एका फेऱ्यात मोटार किती पुढे जाते हे गृहीत धरते. ते गृहीतक चुकले की काटा खोटे बोलू लागतो.

तपासणी : दगड, घड्याळ आणि दोन माणसे

सांगलीच्या त्या घरी तबकडी बदलून झाली. त्याच बनावटीच्या दुसऱ्या मोटारीतून काढलेली, किलोमीटर दाखवणारी तबकडी बसवली गेली. शिवाय आपल्या रस्त्यांना मानवतील म्हणून थोडे उंच टायरही घातले गेले. आता काटा खरा आहे का, हे पाहण्याची वेळ आली. त्यासाठी कोणतेही महागडे साधन लागत नाही. सरळ, मोकळा रस्ता, त्यावरील किलोमीटरचे दगड, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि दोन माणसे एवढे पुरे आहे. एकाने केवळ मोटार चालवावी. घड्याळ दुसऱ्याच्याच हाती असावे.

हिशेब सोपा आहे. ३६०० ला सेकंदांच्या संख्येने भागले की ताशी किलोमीटर मिळतात. काटा ८० वर स्थिर ठेवला तर दोन दगडांमधील एक किलोमीटर ४५ सेकंदांत संपावयास हवा. समजा, तो ४३ सेकंदांत संपला. तर खरा वेग जवळजवळ ८४ आहे आणि काटा कमी दाखवत आहे. दोन दगडांत थोडीफार चूक असू शकते, म्हणून हीच परीक्षा चार-पाच वेळा, दोन्ही दिशांनी करावी. मोबाइलवरील उपग्रहाधारित वेगही सपाट, मोकळ्या रस्त्यावर स्थिर गतीने जाताना पुरेसा विश्वसनीय असतो.

यानंतर अंतरमापक तपासावा. दहा दगड ओलांडले असता त्याने १० ऐवजी ९.४ दाखवले, तर दोष कोठे आहे ते जवळजवळ उघड होते. वेग आणि अंतर दोन्ही कमी दिसत असतील, तर चूक फेऱ्यांच्या गृहीतकात, म्हणजे टायर किंवा दात्यांच्या प्रमाणात असते. जुन्या मोटारीत अंतर बरोबर आणि वेग मात्र चुकीचा असेल, तर चुंबक दुर्बळ झाला आहे, स्प्रिंग थकली आहे किंवा काटा सरकला आहे, असे समजावे. काटा थरथरत किंवा उड्या मारत असेल तर बहुधा केबल कोरडी पडलेली किंवा पिळलेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. काटा किंचित अधिक दाखवत असेल तर तो दोष नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहनविषयक विनियमानुसार वेगमापकाने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. अधिक दाखवला तर तो खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी चार किलोमीटर या मर्यादेत असावा. म्हणजे खरा वेग १०० असताना काटा ११४ पर्यंत गेला तरी चालतो, परंतु ९९ वर राहिला तर चालत नाही. म्हणून कारखान्यातून निघालेला काटा सहसा थोडा पुढेच असतो.

टायरचे गणित

त्या मोटारीचे मूळ टायर २०५/५५ आर १६ मापाचे होते. या टायरचा व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. बदललेले टायर २०५/६५ आर १६ मापाचे; त्यांचा व्यास सुमारे ६७३ मिलिमीटर. फरक साडेसहा टक्क्यांचा. प्रत्येक फेऱ्यात मोटार तेवढी अधिक पुढे जाते आणि यंत्राला त्याचा पत्ताही नसतो. कारखान्याने ठेवलेली सुरक्षेची शिल्लक या फरकाने गिळून टाकली आणि वर उणे बाकी काढली. उलट टायर झिजत गेला की व्यास घटतो आणि काटा एक-दोन टक्के अधिक दाखवू लागतो. ती चूक तरी सुरक्षित बाजूची असते.

दुरुस्ती

अशा वेळी सर्वांत स्वस्त आणि निर्दोष उपाय म्हणजे मूळ मापाचे टायर पुन्हा बसवणे. ते शक्य नसल्यास संवेदक आणि तबकडी यांच्यामध्ये स्पंदांचे प्रमाण बदलणारा छोटा परिवर्तक बसवता येतो. मात्र वेगाचा तोच संकेत पुष्कळ मोटारींत स्वयंचलित गिअरबॉक्स आणि सुकाणूच्या यंत्रणेलाही जातो. म्हणून परिवर्तक फक्त तबकडीकडे जाणाऱ्या तारेवरच बसला पाहिजे, आणि हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

केबलच्या जुन्या मोटारीत केबलचे फेरे आणि तबकडी यांचा मेळ पाहावा लागतो. जपानी मानकात दर किलोमीटरला केबलचे ६३७ फेरे धरतात. अमेरिकेत दर मैलाला १०००, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. जुन्या विलायती तबकडीवर कोपऱ्यात छापलेला बारीक आकडा बहुधा दर मैलाचे फेरेच सांगतो. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, टायरवर खडूची खूण करून मोटार सरळ ढकलावी आणि चाकाच्या सहा फेऱ्यांत केबल किती वेळा फिरते ते मोजावे. समजा, सहा फेऱ्यांत मोटार १२ मीटर पुढे गेली आणि केबल साडेआठ वेळा फिरली. तर मैलाला सुमारे ११४० फेरे झाले. तबकडीवर १००० छापले असेल, तर काटा चौदा टक्के अधिक दाखवणार. गिअरबॉक्समधील योग्य दात्यांचे चाक बसवले की हा दोष मुळातून जातो.

काही कारागीर काटा उपटून थोडा मागे बसवून देतात. सर्व वेगांना सारखाच, समजा पाच किलोमीटरचा, फरक असेल तरच हा उपाय योग्य ठरतो. फरक वेगाबरोबर वाढत असेल, तर काटा एका आकड्यावर खरा आणि बाकी सर्वत्र खोटा होतो.

दुसरा आकडा

काटा खरा झाला तरी एक प्रश्न उरतोच. सांगलीच्या त्या मोटारीच्या जुन्या तबकडीवर ३१,००० मैल, म्हणजे जवळजवळ ५०,००० किलोमीटर नोंदले होते. नव्याने बसवलेली तबकडी दुसऱ्या मोटारीतून आल्यामुळे तिच्यावर आकडा होता १२,०००. काही वर्षांनी मोटार विकावयाची वेळ येईल तेव्हा गिऱ्हाईक तोच आकडा वाचेल आणि त्यावरच किंमत ठरेल. आकडा कोणी मुद्दाम मागे फिरवलेला नाही. तरीही गप्प राहिले तर तो खोटेच बोलणार.

अशा वेळी व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांचे काम असते ते रोजमेळातील नोंदीसारखे. तबकडी बदलल्याची तारीख, जुनी नोंद, नवी नोंद आणि कारागिराची पावती एका कागदावर लिहून तो मोटारीच्या कागदपत्रांसोबत ठेवावा. दाराच्या आतील कडेवर तशी चिठ्ठी डकवावी. आणि विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी तो कागद त्याच्या हाती द्यावा. त्यामुळे किंमत थोडी कमी येईल. परंतु हळदीच्या पोत्यावर मातीचे वजन न चढवणाऱ्या पेढीला हा तोटा नवा नसतो.

एक काटा घरच्यांचे प्राण राखतो, दुसरा आकडा परक्याचा विश्वास. तराजूची पारडी रोज पुसणाऱ्या हातांनी वर्षातून एकदा किलोमीटरचे दगड आणि घड्याळ घेऊन रस्त्यावर जावे. अर्ध्या तासाचे हे काम आहे.