चित्रकलेची शिकवणी : लावावी की न लावावी?

चित्रे काढायला शिकायचे आहे. त्यासाठी पैसे मोजून शिकवणी लावावी, की आपले आपणच शिकावे? प्रश्न दिसायला लहान आहे. पण ज्या घरात महिन्याची मिळकत आणि महिन्याचा खर्च यांची तोंडमिळवणी करताना नाकी नऊ येतात, त्या घरात तो लहान राहत नाही. शिकवणीची फी द्यायची म्हणजे दुसरे काहीतरी मागे ठेवायचे असते. आणि फी वाया गेली, तर पैशापेक्षा मोठे नुकसान होते ते निराळेच. ‘आपल्याला चित्रकला जमत नाही’ असा समज मुलाच्या मनात जो बसतो, तो जन्मभर उठत नाही.

माझी सारी नोकरी शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून गेली. मी शिकवण्याही घेतल्या आहेत. तेव्हा माझे म्हणणे तुम्ही त्या हिशेबाने तोलून घ्या. मी राहतो कळंबोलीला. एका अंगाला सिडकोने वसवलेला लोखंडाचा बाजार, दुसऱ्या अंगाला पुण्याकडे निघणारा द्रुतगती मार्ग, आणि मध्ये आमच्या इमारती. इथे चित्रकला शिकायची म्हटली की दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, “अहो मास्तर, कला ही उपजत लागते. हातात असेल तर येईल, नसेल तर पैसे ओतून काय उपयोग?” दुसरा म्हणतो, “फी भरल्याशिवाय विद्या येत नाही. मोठा क्लास बघून द्या.” दोघेही मनापासून बोलतात, आणि माझ्या मते दोघेही चुकतात. दोघांनीही एक साधी गोष्ट विचारलेली नसते : या फीच्या बदल्यात आपण नेमके काय विकत घेतो?

चार गोष्टी घेतो. पहिली माहिती, दुसरी सोय, तिसरी शिस्त आणि चौथी दुसऱ्याची नजर. त्या एकेक करून पाहू.

माहिती म्हणजे रेषा कशी ओढावी, छायाप्रकाश कसा दाखवावा, यथार्थदर्शनाचे नियम काय, ही. एके काळी ती मिळणे दुरापास्त होते. आज ती वाचनालयातल्या पुस्तकात आहे, आणि खिशातल्या फोनवर तर इतकी आहे की माणूस बघत बसतो आणि काढायचे विसरतो. केवळ माहितीसाठी फी देण्याचे कारण आता उरलेले नाही.

सोय म्हणजे बसायला जागा, समोर मांडलेल्या वस्तू, चांगला उजेड. ही थोडीफार घरीही होते. कळंबोलीत तर चित्राच्या विषयांना तोटा नाही. ट्रेलरची चाके पाहा, बाजारात उतरवलेल्या पत्र्याच्या गुंडाळ्या पाहा, सगळीकडे लंबवर्तुळेच लंबवर्तुळे. एकसारख्या इमारतींची रांग दूर जाताना कशी लहान होते, हे शिकायला याहून चांगली जागा कोणती? आणि पनवेलच्या पलीकडे जरा सरकले की कर्नाळ्याचा सुळका उभाच आहे, तोही फुकट.

शिस्तीचे मात्र तसे नाही. पुष्कळ जण फी भरतात ती शिकण्यासाठी नव्हे, तर बसवून घेण्यासाठी. यात कमीपणा नाही. ‘पैसे भरलेत, आता गेलेच पाहिजे’ या धाकाने कित्येकांचा हात चालू राहतो. पण आपण धाक विकत घेत आहोत, हे स्वतःशी कबूल करावे, म्हणजे धाकाला विद्येचा भाव दिला जात नाही.

राहिली चौथी गोष्ट, दुसऱ्याची नजर. खरी किंमत हिची आहे. ती का, हे सांगण्यासाठी एक प्रयोग सांगतो. आज घरी करून बघा.

स्वयंपाकघरातला एक स्टीलचा ग्लास घ्या. तो टेबलावर ठेवा, समोर खुर्चीत बसा आणि त्याचे चित्र काढा. दहांतली नऊ माणसे काय करतात? ग्लासाचे तोंड चांगले गरगरीत काढतात आणि बूड सरळ रेघेने कापतात. कारण तोंड गोल असते आणि बूड टेबलावर सपाट टेकलेले असते, हे त्यांना ठाऊक असते. म्हणजे चित्र डोळ्याने काढलेले नसते, डोक्याने काढलेले असते! प्रत्यक्ष पाहा. ग्लासाचे तोंड तुमच्या डोळ्याच्या पातळीच्या थोडेसेच खाली आहे, म्हणून ते चपटे दिसते. बूड आणखी खाली आहे, म्हणून त्याची कड तोंडापेक्षा अधिक गोलाईची दिसते. वस्तू डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली, तितके तिचे लंबवर्तुळ उघडते.

आता गंमत अशी, की हा नियम वाचून तुम्हाला कळला, तरी उद्या घागर काढताना तीच चूक होईल, आणि ती तुम्हाला दिसणार नाही. जो डोळा चुकतो, तोच डोळा तपासायला बसलेला असतो. मागे उभा असलेला जाणता माणूस मात्र एका क्षणात बोट ठेवतो : “बूड पाहा.” हे एवढे दोन शब्द म्हणजे शिकवणी. बाकी सारे सजावटीचे सामान.

“पण मास्तर,” तुम्ही म्हणाल, “मोठमोठे चित्रकार शिकवणीवाचून झालेच की!” झाले, पण कसे झाले ते नीट पाहू या.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर घ्या. १८९० साली त्यांचा जन्म झाला. कलाशाळेत ते गेले नाहीत. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून त्यांनी नाव मिळवले आणि पुढे चित्रपटसृष्टीत आपला ठसा उमटवला. पण त्यांचे घराणे कारागिराचे, वडील हरहुन्नरी आणि नात्यातले आनंदराव जोडीला ब्रश घेऊन उभे. ज्याला आपण ‘स्वयंशिक्षित’ म्हणतो, त्याच्या घरातच चूक दाखवणारी माणसे होती. फी नव्हती, नजर होती.

व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना तर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेने प्रवेशच नाकारला होता. त्यामुळे त्यांचे काम अडले नाही. पण लहानपणी शाळेत त्यांनी पिंपळाचे पान काढले तेव्हा मास्तरांनी त्यांचे कौतुक केले होते, आणि पुढे ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या चित्रांचा त्यांनी मनापासून अभ्यास केला. कोणाच्या तरी कामाशी आपले काम ताडून पाहणे त्यांनी सोडले नाही.

दूरदेशीचे उदाहरण हवे तर व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे घ्या. त्याने १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, चित्रकार व्हायचे ठरवले. आधी काय केले? शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराचे रेखाटनाचे छापील धडे मिळवले आणि एकट्याने बसून ते पुनःपुन्हा गिरवले. वर्षभर हात घासल्यावर तो आंतोन मॉव्ह या नात्यातल्या नामांकित चित्रकाराकडे गेला आणि त्याच्याकडून थोडे धडे घेतले. पुढे १८८६ मध्ये अँटवर्पच्या कलाशाळेतही काही आठवडे बसला. आधी स्वतःचा घाम आणि मग गुरूची नजर, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आणि इतके लांब तरी कशाला जायचे? आमच्या कळंबोलीहून गोव्याच्या रस्त्याला लागले की पेण येते. पेण, हमरापूर, जोहे या गावांतून गणपतीचे कारखाने आहेत. तिथे पोरगा कामाला लागतो तेव्हा कोणी त्याच्याकडे फी मागत नाही, उलट त्यालाच मजुरी मिळते. पण पहिल्या दिवशी कोणी त्याच्या हाती डोळ्यांची आखणी देत नाही. आधी साच्यातून निघालेली मूर्ती घासायची, मग अंगाचा रंग लावायचा, मग दागिने. डोळे आखायचे काम कारखान्यातल्या सर्वांत कसलेल्या हाताकडे असते; तिथवर पोचायला वर्षे जातात. म्हणजे तिथेही किंमत मोजावी लागतेच, फक्त ती रुपयांत नसते, वर्षांत असते. फी नाही म्हणून विद्या फुकट, असे समजू नका.

तेव्हा शिकवणी केव्हा लावावी? माझा नियम असा : चित्रात चूक आहे एवढे कळते, पण ती कुठे आहे ते कळत नाही, अशी वेळ आली की लावावी. त्याआधी लावली तर फी वाया जाते. त्यानंतर लावली नाही तर वर्षे वाया जातात.

दोन्ही गोष्टी मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. आमच्या शेजारी ट्रेलर चालवणारे एक गृहस्थ होते. मुलीला आवड आहे असे पाहून त्यांनी एका क्लासची वर्षाची फी एकरकमी भरली. वर्षभर तिने छापील चित्रांवरून सुंदर सुंदर नकला केल्या, त्या भिंतीवर लागल्या. परीक्षेला समोर खरी बादली आणि खरे भांडे आले, तेव्हा पहिली रेघ कुठे ओढावी हेच तिला कळेना. घरी येऊन ती रडली आणि म्हणाली, “मला चित्रकला येतच नाही.” वडिलांना फीचे वाईट वाटले नाही, या वाक्याचे वाटले.

दुसरा एक तरुण, बाजारातल्या एका पेढीवर हिशेब लिहिणारा. सहा वर्षे एकटा चित्रे काढत होता. मेहनतीत तसूभर उणा नव्हता. पण त्याची सगळी माणसे, झाडे, बाटल्या उजवीकडे कललेल्या. सहा वर्षांत त्याला ते दिसले नव्हते! मी चित्र आरशापुढे धरले, तसा तो चमकला. दोन महिने आठवड्यातून एकदा येऊन बसला आणि तो दोष गेला. दोन महिन्यांची शिकवणी सहा वर्षांपूर्वी घेतली असती तर, हा हिशेब त्याने मला करून दाखवला. शेवटी हिशेबनीसच तो.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन महिने एक वही घाला. साधे कागद, पेन्सिल, खोडरबर, बस्स. रोज अर्धा तास घरातली एक वस्तू समोर ठेवून काढा. पानावर तारीख घाला आणि पान फाडू नका. मापासाठी हात ताठ पुढे धरा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून वस्तूची उंची रुंदीशी ताडा. चित्र झाले की आरशात पाहा, उलटे धरून पाहा. आरसा हा बिनपगारी मास्तर आहे. तो कलंड आणि बेढबपणा लगेच दाखवतो. तीन महिन्यांनी वही कोरीच राहिली असेल, तर फी वाचली असे समजा. भरली असेल आणि चित्रे सुधारत असतील, तर अजून घाई नाही. भरली, पण गाडी एकाच जागी रुतली असेल, तर आता शिकवणी लावा. आणि जाताना ती वही बरोबर न्या.

क्लास निवडतानाही डोळे उघडे ठेवा. एक दिवस नुसते बसून पाहू द्या, अशी विनंती करा. मुले प्रत्यक्ष वस्तू काढतात, की कार्डावरून नक्कल करतात? मास्तर मुलाच्या पाठीमागे उभे राहून बोलतात, की मुलाचे चित्र स्वतःच पुरे करून देतात? एकाच विद्यार्थ्याची जूनमधली आणि डिसेंबरमधली चित्रे दाखवायला सांगा. भिंतीवरच्या चित्रांपेक्षा ती दोन चित्रे अधिक खरे बोलतात. फी शक्यतो महिन्याची भरा, वर्षाची नको.

परीक्षांचे म्हणाल, तर राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा शाळेमार्फत देता येतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे त्यांतले मुख्य विषय. जोडीला भूमिती आणि अक्षरलेखन. शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतील, तर आधी वही त्यांच्यापुढे ठेवा. शाळेच्या फीत तेही आलेलेच आहेत, हे पालक विसरतात. पुढे ललित कलेच्या पदवीला जायचे असेल, तर प्रवेश परीक्षेतही समोरची वस्तू आणि मनातले स्मरण हेच पारखले जाते. तिथे मात्र वेळ मोजून सराव करून घेणारा मार्गदर्शक असला तर त्याचा उपयोग होतो, आणि त्याची फी रास्त आहे.

पैसे खरोखरच नसतील, तरी नजर मिळवण्याचे मार्ग आहेत. दोघे-तिघे मिळून रविवारी बसा आणि एकमेकांची चित्रे तपासा. दुसऱ्याची चूक माणसाला पटकन दिसते, हा मनुष्यस्वभाव इथे कामी येतो. कधी खांदेश्वरहून गाडी पकडून मुंबईला जा. काळा घोड्याची जहांगीर कलादालन ही १९५२ सालची वास्तू. तिथली प्रदर्शने विनाशुल्क पाहता येतात. तिथे चित्रापुढे पुष्कळदा चित्रकार स्वतः उभा असतो. वही उघडून त्याला विचारा, “यात चूक कुठे आहे?” फार थोडे लोक नाही म्हणतात.

हाच प्रश्न शेवटी महत्त्वाचा आहे. तो फी देऊन विचारा किंवा न देता विचारा, पण विचारा. आणि विचारण्यापूर्वी वही भरा. कोऱ्या वहीवर बोट ठेवायला कोणता मास्तर येणार?