तार ताणावी किती? : गिटार शिकू पाहणाऱ्यांसाठी

गिटार प्रथमच हाती घेणारा विद्यार्थी आम्हांस एकच प्रश्न विचारतो, "सर, किती दिवसांत येईल?" भेटीला आलेल्या पालकांचा प्रश्न निराळा असतो, "याने अभ्यास तर मागे पडणार नाही ना?" दोन्ही प्रश्नांचे उत्तर विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाच्या कथेत आहे.

सोण श्रीमंताघरचा, वीणावादनात निपुण. प्रव्रज्या घेतल्यावर राजगृहाजवळील सीतवनात त्याने इतके चंक्रमण केले की तळपाय रक्तबंबाळ झाले. तरीही सिद्धी लाभेना, तेव्हा घरी परतण्याचा विचार त्याच्या मनात आला. तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा अति ताणल्या किंवा अति सैल सोडल्या, तर वीणा वाजण्याजोगी राहत नाही. प्रयत्नाचेही तसेच आहे.

गिटारच्या सहा तारांनाही हाच नियम लागू पडतो. जाड तारेपासून त्यांचे स्वर अनुक्रमे ई, ए, डी, जी, बी, ई असे असतात. जाड तार पाचव्या पडद्यावर दाबली की जो स्वर निघतो, तोच पुढच्या मोकळ्या तारेचा असावा. याच रीतीने पुढच्या तारा जुळवाव्यात. केवळ 'जी'वरून 'बी' जुळविताना चौथा पडदा धरावा. खुंटी हळूहळू पिळावी. नायलॉनच्या तारांसाठी बनविलेल्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्यांचा ताण त्या लाकडास सोसत नाही. आपल्याकडच्या वैशाखात टिनाच्या छपराखाली किंवा उन्हात वाद्य ठेवल्यास सरस सुटतो, मान वाकते. वाद्य भिंतीच्या सावलीत, पिशवीत ठेवावे.

तारा जुळल्या की 'ई मायनर' ही कॉर्ड शिकावी. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारा स्वरांचा मेळ. मधले बोट 'ए' तारेच्या व अनामिका 'डी' तारेच्या दुसऱ्या पडद्यावर ठेवावी. बोट पडद्याच्या धातुपट्टीलगत, टोकाने दाबावे, म्हणजे जोर कमी लागतो. ती साधल्यावर 'ए मायनर' घ्यावी आणि चार मात्रा एक, चार मात्रा दुसरी असा ठेका पायाने धरून वाजवावे. खरी अडचण कॉर्ड बदलताना येते. तेथे घाई न करता लय मंद ठेवावी.

पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात. पऱ्हाटीच्या बोंडांनी बोटे ओरबाडून घेत ज्यांनी कापूस वेचला, त्या आईबापांच्या लेकरांना हे दुखणे नवे नाही. पण सोणाप्रमाणे रक्त काढण्याचे कारण नाही. रविवारी सलग तीन तास वाजविण्यापेक्षा रोज वीस मिनिटे हितकर. दुखू लागले की थांबावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. एवढ्या वेळाने अभ्यास मागे पडत नाही; उलट नेमाने बसण्याची सवय पुस्तकालाही उपयोगी पडते.

गिटार आपले वाद्य नव्हे, असेही काहींना वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले होते. तेही पाश्चात्त्य वाद्यच. भीमराव कर्डकांच्या जलशांपासून वामनदादा कर्डकांच्या गीतांपर्यंत आपल्या चळवळीचा विचार गाण्यातूनच वाड्यावस्त्यांवर पोहोचला. तुणतुण्याची एक तार गायकाला स्वराचा आधार देई. गिटारच्या सहा तारा तोच आधार अधिक भरून देतात. पेटीवर काळी एकमध्ये गाणाऱ्याला साथ करायची असल्यास पहिल्या पडद्यावर कॅपो लावून 'सी' कॉर्डच्या जागा धराव्यात, स्वर जुळतो.

म्हणून "किती दिवसांत?" या प्रश्नाला आम्ही दिवसांचा आकडा सांगत नाही. विद्यार्थ्याला त्या दिवशी वीस मिनिटे बसवितो, आणि दुसऱ्या दिवशी येण्यास सांगतो.