लोक जो शब्द टाकतात, तो आपल्या पानावर आहे काय?

समाजाची संस्था असो, विहार समिती असो की वधू-वर मेळावा घेणारे मंडळ असो, आज अनेकांच्या वेबसाईट आहेत. वर तथागतांचे व बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली अध्यक्षांचे मनोगत आणि पदाधिकाऱ्यांची यादी. परंतु ही वेबसाईट पाहतो कोण? बहुतेक वेळा पदाधिकारीच! बाळासाठी बौद्ध नाव शोधणारी आई, शिष्यवृत्तीसाठी धडपडणारा विद्यार्थी, दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा बाप यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. असे का होते, याचा विचार आम्ही कार्यकर्त्यांनी केलाच पाहिजे.

कारण साधे आहे. लोक गूगलमध्ये तोंडचा शब्द टाकतात आणि आम्ही पानावर कागदी शब्द लिहितो. आम्ही लिहितो ‘जात वैधता प्रमाणपत्र’, पोरे शोधतात ‘कास्ट व्हॅलिडिटी’. आम्ही लिहितो ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था’, पोरे शोधतात ‘बार्टी’. आम्ही लिहितो ‘नामकरण विधी’, आई शोधते ‘बौद्ध मुलींची नावे’. या शोधल्या जाणाऱ्या शब्दांना संगणकवाले ‘कीवर्ड’ म्हणतात. आपण शोधशब्द म्हणू. बाबासाहेब कोलंबिया व लंडनला इंग्रजीत शिकले, पण १९२० साली ‘मूकनायक’ काढला तो मराठीत. ज्यांच्यासाठी लिहायचे त्यांच्या भाषेत लिहावे, हा धडा आम्हाला नवा नाही.

हे शब्द शोधायचे कसे? पहिला मार्ग फुकटचा व सर्वांत चांगला. विहारात, वस्तीत, वसतिगृहात लोक काय विचारतात, ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे. दुसरा मार्ग, गूगलमध्ये ‘बौद्ध विवाह’ एवढेच टाईप करून थांबावे. खाली आपोआप सूचना येतात, त्या लोकांनी केलेल्या शोधांवरूनच आलेल्या असतात. पानाच्या तळाशीही मिळतेजुळते शोध दिसतात, तेही वहीत घ्यावेत. तिसरा मार्ग ‘गूगल ट्रेंड्स’. त्यात ‘शिष्यवृत्ती’ व ‘स्कॉलरशिप’ असे दोन शब्द शेजारी ठेवून महाराष्ट्रात कोणता अधिक शोधला जातो आणि कोणत्या महिन्यात, हे कळते. नेमका आकडा मिळत नाही, तुलना मिळते, पण आपल्या कामाला ती पुरते. वेबसाईट सुरू झाल्यावर ‘गूगल सर्च कन्सोल’ जोडावे. लोक कोणते शब्द टाकल्यावर आपले पान त्यांच्यासमोर आले, हे ते दाखवते. यालाही पैसे पडत नाहीत.

मोठ्या शब्दांच्या मागे लागू नये. नुसत्या ‘बुद्ध’ या शब्दावर जगभरची पाने उभी आहेत, तेथे आपला टिकाव लागणे कठीण. परंतु ‘वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज कसा करावा’ हा शोध थोडे लोक करत असले तरी तेच आपले लोक आहेत. अशा एका प्रश्नाला एक पान द्यावे. तो शब्द शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात व उपशीर्षकात सहजपणे यावा, आणि खाली पूर्ण उत्तर असावे. एकच शब्द पन्नास वेळा कोंबला तर गूगल त्याला लबाडी समजते. पानाच्या आत न दिसणारी शब्दांची यादी भरण्याचाही उपयोग नाही. क्रमवारीसाठी ती आपण पाहत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. ‘पैसे द्या, पहिला नंबर देतो’ म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहावे. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलच सांगते.

आणखी एक गोष्ट. आमची बरीच मंडळे जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर किंवा पत्रकाचा फोटोच चढवतात. जुन्या फॉन्टमधली अक्षरे डोळ्यांना मराठी दिसतात, पण यंत्राला ती मराठी नसतात. फोटोतला मजकूरही भरवशाने वाचला जाईलच असे नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टाईप करावा.

आता एक नाजूक प्रश्न. ‘नवबौद्ध’ हा शब्द आमच्यातील अनेकांना रुचत नाही. आम्ही बौद्ध आहोत, नवे-जुने काय? परंतु सरकारी अर्जात तो शब्द आहे, म्हणून मुले तोच शोधतात. तो टाळला तर मूल दुसऱ्याच्या पानावर जाते. अशा वेळी ‘सरकारी कागदोपत्री ज्यांना नवबौद्ध म्हणतात, त्या बौद्ध विद्यार्थ्यांसाठी’ असे लिहावे. शोधणाऱ्याला वाट सापडते आणि आपला स्वाभिमानही राखला जातो.

कारण रिकामी जागा रिकामी राहत नसते. ‘बौद्ध धम्म स्वीकारल्यावर आरक्षण जाते का?’ असे एखादा तरुण शोधतो. खरे उत्तर असे की, अनुसूचित जातींच्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन त्यात बौद्धांचा समावेश झाला. पुढच्या पिढीला हे माहीत नसेल आणि आमच्या पानावर त्या प्रश्नाच्या शब्दांत हे उत्तर नसेल, तर कोणीतरी पसरवलेली भीतीच त्याच्या हाती लागेल. कागदावर धर्म काय लिहावा, याचा निर्णय मग तो त्या भीतीपोटी घेईल.

बंधू-भगिनींनो, पान वर यायला काही महिनेही लागतात. म्हणून १४ एप्रिलसाठीचे पान एप्रिलमध्ये लिहू नये, शिष्यवृत्तीचे पान निकालानंतर लिहू नये. येत्या रविवारी वंदनेनंतर वही काढा. घरातील मुलीला, शेजारच्या मावशीला विचारा, ‘हे तुम्ही कोणत्या शब्दांत शोधाल?’ त्या सांगतील तेच शब्द लिहा.

जयभीम!