हिवाळ्यात धावलेला दुसरा

कॅनडातल्या कुठल्याही शाळकरी मुलाला टेरी फॉक्स कोण ते विचारा, तो घडाघडा सांगेल. स्टीव्ह फोन्यो कोण, असं विचारलं तर मोठी माणसंसुद्धा क्षणभर आठवत राहतात. लांब पल्ल्याच्या धावण्याचं वेड लागल्यापासून मी या दोघांविषयी मिळेल ते वाचत आलो आहे, आणि वर्षं जातील तसा माझा ओढा या दुसऱ्याकडे वाढत गेला. दोघांचाही एक पाय कर्करोगाने नेला. दोघांनीही कर्करोगाच्या कामासाठी पैसे उभे करायला अख्खा देश पायी ओलांडायचं ठरवलं. पहिल्याला सप्टेंबर लागताच थांबावं लागलं. दुसरा कॅनडाच्या हिवाळ्यात शिरला आणि त्यातून पार झाला.

टेरीची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून थोडक्यात. जन्म १९५८ चा, विनिपेगचा. १९७७ मध्ये हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स इथे अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉनचं अंतर. पोर्ट ओ बास्क या सुमारे दहा हजार वस्तीच्या गावाने दहा हजार डॉलर गोळा करून दिले, आणि देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर ही कल्पना तिथून त्याच्या डोक्यात पक्की झाली. १ सप्टेंबरला, १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, थंडर बेजवळ तो थांबला. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. फेब्रुवारी १९८१ पर्यंत निधी २ कोटी ४१ लाख डॉलरवर गेला, म्हणजे त्या वेळच्या कॅनडाच्या लोकसंख्येइतका. जूनमध्ये तो गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याच्या नावाच्या धावा आज जगभर होतात, मुंबईतही होत आल्या आहेत.

आता माझ्या माणसाकडे वळतो. फोन्योचा पाय गेला तो बाराव्या वर्षी, आणि तो डावा. ३१ मार्च १९८४ रोजी अठरा वर्षांचा हा मुलगा त्याच सेंट जॉन्सहून त्याच दिशेने निघाला. मोहिमेचं नाव ‘जर्नी फॉर लाइव्ज’. लोकांनी सुरुवातीला त्याला फारसं जवळ केलं नाही. टेरीची नक्कल करतोय, असं उघड बोललं गेलं. तरी तो चालत राहिला, धावत राहिला, आणि टेरी जिथे थांबला होता ती जागा त्याने ओलांडली तेव्हा देशाने त्याच्याकडे नीट पाहिलं. निधीचा ओघही त्यानंतर वाढला. पुढे मॅनिटोबा, सस्कॅचवान, अल्बर्टा असा प्रेअरीचा उघडाबोडका हिवाळा होता, आणि त्याच्या टोकाला रॉकीज.

हा हिवाळा काय असतो ते विनिपेगला बहिणीकडे गेल्यावर मला कळलं. जानेवारी होता. भाच्याला गळ घालून गाडीने थंडर बेला गेलो; जवळजवळ सातशे किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना गोठलेली तळी आणि सूचिपर्णी झाडं. शहराबाहेर, लेक सुपीरियरवर नजर जाईल अशा उंचवट्यावर टेरीचा नऊ फुटी ब्राँझचा पुतळा आहे. पारा उणे २६ वर होता. ‘मामा, हातमोजा काढू नकोस हं, फोटो मी काढतो,’ भाच्याने बजावलं. तळ्यावरून वारा आला की चेहऱ्याचा उघडा भाग आधी दुखायचा, मग दुखायचा थांबायचा. हे थांबणंच धोक्याचं. वाऱ्यासकट जाणवणारी थंडी उणे चाळीसच्या आसपास गेली की उघडी त्वचा दहा मिनिटांच्या आत गोठू शकते. मी त्या महामार्गाकडे पाहत होतो आणि डोक्यात एकच विचार होता, की हा मुलगा इथून पुढे गेला.

बर्फात धावणाऱ्यांशी मी त्या मुक्कामात भरपूर गप्पा मारल्या. त्यांना थंडीपेक्षा घामाची धास्ती जास्त. धावताना शरीर भट्टी पेटवतं, घाम सुटतो, आणि पाय थांबले की तोच घाम काही मिनिटांत अंग गारठवतो. म्हणून सुती कपडा वर्ज्य. तो भिजला की ऊब संपली. आत घाम बाहेर सोडणारा पातळ थर, मध्ये लोकर, वर वारा अडवणारं जाकीट. घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर कपडे जास्त झाले असं समजायचं. तहान लागल्याचं कळत नाही, म्हणून घड्याळ बघून पाणी प्यायचं, आणि बाटली अंगाजवळ ठेवायची, नाहीतर तिचा दगड होतो.

हे झालं दोन पायांच्या माणसाचं. कृत्रिम पाय म्हटला की आपल्याला जयपूर फूट आठवतो. गरिबाला शेतात, चिखलात चालता यावं म्हणून घडवलेली ती अस्सल भारतीय करामत. पण त्या काळातले पाय, इथले काय आणि तिथले काय, चालण्यासाठी होते. आज शर्यतींत दिसणारी कार्बन फायबरची लवचीक पाती तेव्हा धावपटूंच्या हाती आलेली नव्हती. टेरीला प्रत्येक पावलाला चांगल्या पायावर एक जादा उडी घ्यावी लागे, तेव्हा कुठे कृत्रिम पाय पुढे यायला वेळ मिळे. हिवाळ्यात याच्यावर आणखी अडचणी चढतात. उरलेला पाय ज्या सॉकेटमध्ये बसतो त्यात घाम साचतो, मोजा ओला होतो, कातडी मऊ पडून सोलवटते. बाहेरच्या गारठ्याने ती बधिर असेल तर जखम झाल्याचं उशिरा कळतं. डांबरावरचा बर्फाचा पातळ थर डोळ्यांना दिसत नाही, तो तळव्याला कळतो. आणि कृत्रिम पावलाला तळवाच नाही. आकडे मांडून फोन्योला मंद ठरवणारे मला भेटले आहेत. त्याने ७,९२४ किलोमीटरला ४२५ दिवस घेतले, म्हणजे दिवसाला साडेअठरा किलोमीटर. टेरीची सरासरी याच्या दुप्पट. या हिशेबात हिवाळा आणि पर्वत धरलेलेच नाहीत, म्हणून तो मला मान्य नाही.

२९ मे १९८५ रोजी तो व्हिक्टोरियाला पॅसिफिकच्या पाण्यापर्यंत पोहोचला. वय एकोणीस. निधी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर. महामार्गाच्या त्या टोकाला आज टेरीचा पुतळा उभा आहे, आणि फोन्यो जिथे पाण्यात उतरला त्या किनाऱ्याला फोन्योचं नाव आहे.

त्याच वर्षी त्याला ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ मिळाला. पुढचं आयुष्य मात्र व्यसनांत आणि कोर्टकचेऱ्यांत गेलं. अनेक गुन्ह्यांत शिक्षा झाल्यामुळे २००९ च्या अखेरीस तो सन्मान काढून घेण्यात आला. २०२२ मध्ये तो वारला. नियमाप्रमाणे सन्मान परत घेतला गेला असेल, पण त्याबरोबर लोकांनी त्याची धावही पुसून टाकली, हे मला पटत नाही. त्या १ कोटी ३० लाख डॉलरमधला एकही डॉलर त्याच्या नंतरच्या वागण्याने खोटा ठरत नाही. चांगलं काम करायला माणूस जन्मभर निर्दोष असावा लागतो, असं धरून बसलो तर मदतीची वाट पाहणाऱ्याने कुणाकडे बघायचं?

ही वाट पाहणारी माणसं मला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत भेटतात. परळला टाटा हॉस्पिटलात उपचारासाठी विदर्भापासून बिहार-बंगालपर्यंतची माणसं येतात. रेडिएशन म्हणजे बरेचदा आठवड्यातले पाच दिवस, असे कित्येक आठवडे. खाट हॉस्पिटलात लागत नाही, मुंबईत लागते. रुग्णाबरोबर कुणीतरी येतं, गावाकडची मजुरी बुडते, जेवणाचा आणि टॅक्सीचा खर्च सुरू होतो. औषध परवडलं तरी मुक्काम परवडत नाही म्हणून उपचार अर्धवट सोडणं सोपं होऊन बसतं. ही धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, मुलांसाठी सेंट ज्यूड यांसारख्या संस्था नेमकी ही भेग बुजवतात. संशोधनाला कोट्यवधी लागतात. इथे शंभर-दोनशे रुपयेही आजच्या आज कामाला येतात.

म्हणून जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या दिवसांत शेजारचा मुलगा किंवा कचेरीतली सहकारी ‘मी अमुक संस्थेसाठी धावतेय’ म्हणत दारात आली, तर तिचं गेल्या वर्षीचं टायमिंग विचारू नका, तिची कुंडली तर मुळीच काढू नका. पैसा कोणत्या संस्थेला जाणार, रुग्णापर्यंत कसा पोहोचणार, पावती मिळणार का, एवढं मात्र चोख विचारा. उत्तर पटलं की सढळ हाताने द्या. आणि देताना स्टीव्ह फोन्यो हे नाव एकदा तिच्या कानावर घाला, कारण ते पुढे सांगायला तिच्याइतकी योग्य व्यक्ती दुसरी नाही.