खेळ अडखळतो तो कोठे?

या व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने संगणकावरील खेळावर बोलावे, याचे काही मंडळींना नवल वाटेल. आम्ही हे खेळ खेळत नाही. परंतु ते खेळणाऱ्या मुलांच्या आईबापांची आणि त्या मुलांच्या घरापर्यंत तार ओढून नेणाऱ्या कंत्राटी पोरांची, अशी दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी आमच्या कचेरीत येतात. त्यामुळे या विषयात डोके घालणे आम्हांला भागच पडले.

गाऱ्हाणे बहुधा एकाच साच्याचे असते. बाप कारखान्यात फिटर. मुलगा म्हणतो, खेळ ‘लॅग’ होतो, ऐन वेळी अडकतो, सोबतचे चार गडी मलाच शिव्या घालतात. नवे ग्राफिक्स कार्ड घ्या. दिवाळीच्या बोनसचे पंचवीस-तीस हजार त्यात जातात. कार्ड बसते, चित्र झकास दिसते आणि खेळ पूर्वीइतकाच अडकतो! कारण दोष कार्डात नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

कारखान्यात माल कमी निघाला की मॅनेजमेंट प्रथम कामगाराकडे बोट दाखवते. तेव्हा संघटनेचा माणूस एवढेच विचारतो, ‘लाइन कोठे अडली ते आधी दाखवा. कच्चा माल उशिरा आला, मशीन बंद पडले, की माणूस बसून राहिला?’ आम्ही या खेळालाही तोच प्रश्न विचारणार आहोत.

उदाहरणासाठी ‘काउंटर-स्ट्राइक’ हा खेळ घेऊ. १९९९ साली तो प्रथम निघाला, आपल्याकडच्या सायबर कॅफेंतून पोरांनी तो रात्र रात्र खेळला, आणि २०२३ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. पाच गडी एका बाजूला, पाच दुसऱ्या. आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की, हा सामना कोणाच्याच घरात होत नसतो. तो दूरच्या एका संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर होतो. तो सर्व्हर पंच आहे. घरातला मुलगा बटण दाबतो म्हणजे पंचाकडे निरोप धाडतो. पंच दहाही जणांचे निरोप ऐकतो, निकाल करतो आणि प्रत्येकाला कळवतो. २०१२ च्या आवृत्तीत कंपनीच्या सर्व्हरवरील पंच हा हिशेब सेकंदाला ६४ वेळा करी. म्हणजे दोन निकालांत सेकंदाचा चौसष्टावा भाग, साधारण साडेपंधरा मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पुढे सगळे मोजमाप याच मापाने करावयाचे आहे.

तेव्हा ‘लॅग’ या एका शब्दाखाली दोन निरनिराळे रोग दडलेले आहेत. घरातले यंत्र चित्र काढताना दमते, हा एक. निरोप वाटेत रखडतो, हा दुसरा. त्यांची ओळख पटवायला पैसा लागत नाही. खेळात एकट्याने सराव करण्याची सोय असते. तेथे इंटरनेटचा पंच मध्ये नसतो. त्या सरावातही चित्र धक्के खात असेल, तर दोष यंत्रात. सराव लोण्यासारखा मऊ चालतो, पण सामन्यात समोरचे गडी उड्या मारल्यासारखे दिसतात, आपण चार पावले पुढे जातो आणि कोणी मानगूट धरून मागे खेचावे तसे पूर्वीच्या जागी येतो, तर दोष वाटेत.

यंत्राचे आधी आटोपून घेऊ. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ते पुरे झाले नाही की धक्का बसतो. काम दोघांत वाटलेले असते: प्रोसेसर हिशेब करतो, ग्राफिक्स कार्ड रंगवते. कन्व्हेयरवर सगळ्यांत हळू स्टेशनच्या वेगाने सारी लाइन चालते, तसेच येथे. ते हळू स्टेशन कोणते? चित्राचे रेझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. रंगवायचे ठिपके २०,७३,६०० वरून ९,२१,६०० होतात, निम्म्याहूनही कमी. एवढे काम उतरवूनही चित्रांचा वेग वाढला नाही, तर कार्ड निर्दोष आहे. अडले आहे ते प्रोसेसरपाशी. बोनस वाचवणारी चाचणी हीच. आणि तिला दोन मिनिटे लागतात.

खेळ पहिली दहा मिनिटे बरा चालून मग मंदावत असेल, तर उष्णता पाहावी. यंत्र तापले की जळू नये म्हणून ते आपण होऊन वेग उतरवते. (माणसाला ही सवलत कारखान्यात मिळत नाही.) पंख्यात धूळ बसलेली असते, लॅपटॉप गादीवर ठेवून हवेची वाट बुजवलेली असते. लॅपटॉप चार्जरविना चालवला तरी तो हात राखून काम करतो. पडद्यामागे एखादा प्रोग्राम फोटो चढवत बसला आहे काय, तेही पाहावे. आणि एक गंमत: घरी जोडलेल्या कित्येक संगणकांत मॉनिटरची वायर महागड्या कार्डाला न लावता मदरबोर्डाच्या भोकात खोचलेली असते. कार्ड पगारी रजेवर!

आता वाटेकडे वळू. निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळाला पिंग म्हणतात. या नावाचा छोटा प्रोग्राम अमेरिकेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला; पाणबुडीचा शोध घेणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून हे नाव पडले. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन दर शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद हा निसर्गाचा कर आहे, तो कोणालाही चुकत नाही. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर; म्हणजे ३९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणे अशक्य. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही, वाटेत चौक्या असतात, त्यामुळे पिंग याहून बराच चढतो. या खेळाचे सर्व्हर मुंबईतही आहेत. पुण्या-नाशकाच्या मुलाचा सामना सिंगापुरात पडला, तर खेळाच्या सेटिंगमध्ये ‘याहून जास्त पिंग नको’ अशी मर्यादा घालता येते. ती घातली आहे का, एवढे पाहावे.

येथे एक मोठा गैरसमज आहे. दुकानदार सांगतो, शंभर एमबीपीएसऐवजी तीनशेचे कनेक्शन घ्या, लॅग जाईल. रस्ता रुंद केला म्हणून पुणे मुंबईच्या जवळ येते काय? खेळाचे निरोप पोस्टकार्डाएवढे असतात. त्यांना रुंदी थोडी पुरते, त्यांना हवी असते वेळेवर धावणारी गाडी. गाडी रोज पाच मिनिटे उशिरा येत असेल, तर माणूस त्या बेताने घरून निघतो. आज दोन, उद्या वीस असे झाले की हजेरी बुडते. पिंग ८० असून स्थिर असेल तर निभावते. ३० आणि १५० यांच्यामध्ये नाचणारा पिंग त्याहून वाईट. त्या नाचाला जिटर म्हणतात. त्यात काही निरोप वाटेतच हरवतात. तेही मोजावे.

बहुतेक घरांत हा नाच दाराबाहेर नसतो, घरातच असतो. वायफायच्या जुन्या, २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांना न घासणारे रस्ते तीनच: १, ६ आणि ११. चाळीत किंवा सोसायटीत वीस बिऱ्हाडांचे वीस राउटर त्या तीन रस्त्यांवर दाटी करतात. मायक्रोवेव्ह शेगडीही त्याच पट्ट्यात गोंगाट करते. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा, पण भिंतीपुढे त्याचा जोर चालत नाही. उपाय जुनाच आणि स्वस्त आहे: राउटरपासून संगणकापर्यंत वायर टाकावी.

आमच्या संघटनेतल्या एका पोराची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तो एका खासगी कंपनीच्या कंत्राटदाराकडे फायबर जोडण्याचे काम करी. एका घरातून महिन्यात चार वेळा तक्रार गेली, ‘नेट अडकते’. चौथ्या तक्रारीनंतर त्याचा दिवसाचा पगार कापला. तो पुन्हा गेला तेव्हा राउटर लोखंडी कपाटाच्या मागे लोटलेला होता. त्याने तो बाहेर काढला, खेळ सुरळीत झाला. पगार मात्र परत मिळवायला आम्हांला तीन पत्रे लिहावी लागली. घरातल्या मुलाचे दुःख खोटे नव्हते. दंड मात्र भलत्यावर पडला.

दुसरा घरगुती दोष अधिक फसवा आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधला, अवघ्या चारशे यार्डांचा दुवा सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. निरोप अडले म्हणून प्रत्येक जण तोच निरोप पुन्हा धाडी आणि गर्दी आणखी वाढे. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर तोड काढली: निरोप हरवला, की ती गर्दीची खूण समजून धाडणाऱ्याने हात आखडावा. पुढे राउटरमध्ये मेमरी स्वस्त झाली, आणि निरोप हरवण्याऐवजी तेथे लांबलचक रांगेत उभे राहू लागले. खूणच मिळेना, म्हणून कोणी हात आखडेना. २०१० च्या सुमारास जिम गेटिस या तंत्रज्ञाला आपल्या घरातच हा दोष आढळला. थोरला भाऊ लग्नाचा व्हिडिओ चढवू लागतो आणि धाकट्याचा खेळ गोठतो, तो यामुळे. व्हिडिओची शेकडो पोती रांगेत, आणि त्यांच्यामागे खेळाचे पोस्टकार्ड. कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग आखूड ठेवण्याची रीत मांडली; काही राउटरांत ती, किंवा तिच्यावर बेतलेली व्यवस्था, एसक्यूएम या नावाने मिळते. ती नसेल तर सामना संपेपर्यंत व्हिडिओ थांबवावा.

घराबाहेर दोष असतोच असे नाही, पण असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातले इंटरनेट ठिकठिकाणी रखडले. रोजच्या व्यवहारात मात्र रात्री आठ ते अकरा या वेळेत कंपनीच्या तारेवर दाटी होते, हेच कारण अधिक.

मुलांच्या भांडणाबद्दलही दोन शब्द. ‘मी भिंतीआड गेलो होतो, तरी त्याने मारले, तो लबाडी करतो!’ हा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकला. १९९६ च्या ‘क्वेक’ या खेळात पावलापावलाला पंचाची वाट पाहावी लागे. टेलिफोनच्या तारेवरून खेळणारे वैतागले. त्याच वर्षी जॉन कारमॅक यांनी, पंचाचे उत्तर येण्याआधीच घरच्या यंत्राने आपले पाऊल टाकून ठेवावे, अशी सोय केली. पुढे काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांत पंच घड्याळ मागे फिरवू लागला: गोळी झाडणाऱ्याच्या पडद्यावर त्या क्षणी समोरचा कोठे दिसत होता, ते पाहून तो निकाल देतो. झाडणाऱ्याच्या पडद्यावर दुसरा उघड्यावर होता. दुसऱ्याच्या पडद्यावर तो तोवर भिंतीआड पोहोचला होता. दोघेही खरे बोलत असतात. उशीर जितका जास्त, तितके हे भांडण मोठे.

राहिली तक्रार करण्याची रीत. संगणकावर एक पिंग आपल्याच राउटरला लावावा आणि दुसरा बाहेरच्या एखाद्या ठिकाणाला, प्रत्येकी शंभर निरोपांचा. हे काम वायर जोडून करावे, वायफायवर नव्हे. राउटरपर्यंतचे आकडे एक-दोन मिलिसेकंदांत स्थिर आणि बाहेरचे नाचरे असतील, तर दोष उंबऱ्याबाहेर आहे. वाटेतल्या चौक्यांची यादी देणारा ट्रेसरूट चालवला, तर मधल्या एखाद्या चौकीवर निरोप हरवलेले दिसतात. त्यावरून लगेच आरोप करू नये, कारण पुष्कळ चौक्या असल्या चौकशीला उत्तर देणे टाळतात. शेवटच्या मुक्कामापर्यंत तोटा टिकला, तरच तो खरा. सकाळी आणि रात्री नऊला, असे तीन दिवस मोजून आकडे तारीखवार कागदावर उतरवावेत, कंपनीकडे तक्रार करून तिचा नंबर मागून घ्यावा, आणि घरी येणाऱ्या पोराच्या हाती तो कागद द्यावा. वरच्या साहेबाला दाखवायला त्यालाही तो उपयोगी पडतो.