आधी धुराला वाट, मग ओट्याला फरशी

युसूफ वडगाव असो की केज तालुक्यातील दुसरे कुठलेही गाव, घराचे बांधकाम बहुधा उन्हाळ्यातच निघते. रब्बीची सुगी आटोपलेली असते, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतलेली असतात आणि पावसाला अजून अवकाश असतो. माळवद किंवा पत्रे उतरवून स्लॅब टाकायचा ठरतो आणि त्यासोबत स्वयंपाकघरही नवे होते. ओट्याला कडप्पा की ग्रॅनाइट, भिंतीला फरशी किती उंच, मांडणी स्टीलची की ट्रॉली, यावर घरात भरपूर चर्चा होते. मात्र एक प्रश्न सहसा राहून जातो. या खोलीतला धूर बाहेर कुठून जाणार?

हा प्रश्न सोयीपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख लोकांचा अकाली मृत्यू झाला. त्यांत पाच वर्षांखालील मुले दोन लाखांहून अधिक होती. लाकूड, गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या जळताना अडीच मायक्रॉनहून बारीक कण हवेत मिसळतात. माणसाच्या केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढे हे कण फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात. मुलांमधील न्यूमोनिया, मोठ्यांमधील दमछाक, हृदयविकार आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आढळला आहे. कधी बिडीला हात न लावलेल्या बाईला पन्नाशीत पायऱ्या चढताना धाप लागते, तेव्हा ते वयामुळे असेल असे समजून सोडून दिले जाते. तेव्हा पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलेल्या लेखात धूम्रपान न करणाऱ्यांना होणाऱ्या ‘सीओपीडी’ या आजाराकडे लक्ष वेधले होते. जगात धूम्रपान करणाऱ्यांपेक्षा चुलीचा धूर घेणाऱ्यांची संख्या कितीतरी जास्त आहे, हे त्यांनी त्यात दाखवले होते.

माळवदाचे साणे गेले

जुन्या माळवदाच्या घरात धुरासाठी आणि उजेडासाठी छतालाच भोक ठेवलेले असे. त्याला साणे म्हणत. पाऊस आला की त्यावर झाकण टाकायचे. यामागचे शास्त्र साधे आहे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि छताशी साचते. बाहेर पडण्याची वाट तिथेच असेल तर धूर निघून जातो.

स्लॅबच्या खोलीत हे गणित बिघडते. छत दहा फुटांवर असते आणि खिडकीची वरची कड सात फुटांवर. म्हणजे खिडकी सताड उघडी असली तरी तिच्या वरच्या तीन फुटांत धूर कोंडून राहतो. जाळ चालू असेल तर हा थर हळूहळू खाली येतो. जमिनीवर बसून चूल फुंकणाऱ्या बाईचे नाक निदान या थराच्या खाली असे. उभ्या ओट्यावर चूल घेतली की नाक दोन-अडीच फूट वर येते आणि थेट धुरात जाते. घर पक्के होते, पण धुराच्या बाबतीत ते जुन्या घरापेक्षा वाईट ठरू शकते.

उपाय स्वस्त आहे. बांधकाम चालू असतानाच स्लॅबला लागून, अगदी वर, निदान दोन झरोके ठेवावेत. शक्य असल्यास ते समोरासमोरच्या भिंतींत असावेत. झरोक्याला जाळी बसवावी आणि बाहेरून छोटा छज्जा काढावा. ताजी हवा आत येण्यासाठी दार किंवा खिडकी दुसऱ्या बाजूला हवी. भिंत उभी राहत असताना याला वेगळा खर्च जवळपास नाही. नंतर मात्र भिंत फोडावी लागते. शिवाय वीज गेली तरी झरोका आपले काम करतच राहतो.

पंखा किती मोठा?

धूर बाहेर फेकणारा पंखा घेताना इंचांपेक्षा त्याच्या खोक्यावर लिहिलेला हवेचा आकडा पाहावा. स्वयंपाकघरातली हवा तासाला साधारण १५ ते २० वेळा बदलली पाहिजे. दहा बाय दहाच्या आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे ताशी ४२० ते ५६० घनमीटर हवा ओढणारा पंखा हवा. तो शेगडीच्या बाजूच्या भिंतीत, उंचावर बसवावा. उघड्या दाराच्या शेजारी बसवला तर तो दारातली ताजी हवाच ओढून बाहेर टाकतो आणि शेगडीवरची वाफ जागेवरच राहते.

गॅसला धूर नसतो म्हणून पंखा नको, असेही नाही. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि फोडणीच्या तेलाचे बारीक कण हवेत उडतात. विजेची चिमणी घेणार असाल तर तिचा पाइप भिंतीबाहेर जातो की नाही, हे आधी विचारावे. पाइप नसलेली चिमणी तेल आणि वास काही प्रमाणात अडवते आणि बाकीची हवा पुन्हा खोलीतच सोडते.

चूल सुटत नसेल तर

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली आणि गॅस खेड्यापाड्यांत पोहोचला. तरी सिलिंडर पुन्हा भरायचे पैसे, शेतातले फुकटचे सरपण आणि चुलीवरच्या भाकरीची चव यांमुळे अनेक घरांत चूलही पेटतेच. आंघोळीचे पाणी तर बहुधा चुलीवर किंवा बंबातच तापते. चूल बंद करा, एवढे सांगून भागत नाही. नव्या आराखड्यात तिला वेगळी जागा द्यायला हवी. ती जागा घराबाहेर, तीन बाजूंनी मोकळ्या पत्र्याच्या शेडखाली असावी. घराचे दार-खिडकी आणि लहान मुलांची खेळायची जागा तिथून दूर असावी.

चूल आतच ठेवायची असेल तर तिला धुराडे हवे आणि ते छताच्या वर दोन-तीन फूट जायला हवे. १९८०च्या दशकात सरकारने देशभर सुधारित चुली वाटल्या होत्या. त्यांतल्या अनेक काही वर्षांत निकामी झाल्या. धुराडी काजळीने तुंबली, चुलींना तडे गेले आणि दुरुस्तीला कोणी आले नाही. धुराडे बसवतानाच ते महिन्या-दोन महिन्यांनी झाडता येईल अशी सोय ठेवावी.

गॅस जमिनीवर पसरतो

चूल आणि गॅस एकाच खोलीत असण्यात आणखी एक धोका आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खालच्या विस्तवापर्यंत पोहोचतो. त्यामुळे झरोका जसा वर हवा, तशी जमिनीलगत एक जाळीही हवी. ओट्याखाली दारे लावून सिलिंडर बंद करणे टाळावे. दारे हवीच असतील तर त्यांना खालच्या बाजूला भोके ठेवावीत. सिलिंडर नेहमी उभा असावा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. रबरी नळी आयएसआय चिन्हाची घ्यावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदलावी. गॅसचा वास आला तर विजेचे कुठलेही बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दार-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या मदत क्रमांकावर फोन करावा.

ओटा कोणाच्या मापाचा?

ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरू नये. जिला तिथे रोज दोन-तीन तास उभे राहायचे आहे, तिच्या कोपराच्या मापाने ती ठरावी. ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा. पाच फूट उंचीच्या बाईसाठी हे माप पावणेतीन फुटांच्या आसपास येते. शेगडी आणि पातेल्याची उंची त्यात मिळते, म्हणून शेगडीचा भाग चार इंच खाली घेतला तर खांदे उचलून ढवळावे लागत नाही. उभ्याने भाकरी थापायची तर तळहाताला वरून जोर लागतो. परातीसाठी आणखी खाली, सव्वादोन फुटांवर, छोटा कट्टा केला तर मनगट आणि मान दोन्ही वाचतात. ओट्याच्या पायथ्याशी तीन-चार इंचांची खोबण ठेवली तर पायाची बोटे आत जातात आणि वाकावे लागत नाही.

पाण्याची जागाही आत्ताच ठरवावी. उन्हाळ्यात पाणी साठवावेच लागते. पिंप आणि रांजण घट्ट झाकता येतील आणि आठवड्यातून एकदा रिकामे करून घासता येतील, अशा जागी असावेत. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर येऊन पूर्ण वाढायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. साठवण त्याआधी मोडली पाहिजे. सांडपाणी अंगणात न सोडता शोषखड्ड्यात किंवा परसातल्या झाडांना द्यावे. जमिनीची फरशी खरखरीत घ्यावी, म्हणजे पाणी सांडले तरी पाय घसरत नाही.

गवंडी येण्यापूर्वी एक साधी परीक्षा घरीच करता येते. सध्याच्या स्वयंपाकघरात दार-खिडक्या नेहमीसारख्या ठेवून धूप पेटवावा आणि दहा मिनिटे त्याचा धूर कुठे जातो, कुठे साचतो, ते पाहावे. जिथे तो साचतो तिथे भिंतीवर खडूने खूण करावी. नव्या स्वयंपाकघरातला पहिला झरोका तिथे काढायचा. फरशीचा रंग त्यानंतर ठरवला तरी चालतो.