भूत पकडल्याचं बिल

न्यू यॉर्कमधल्या एका महागड्या हॉटेलात भूत शिरतं. तिघेजण पाठीवर अवजड यंत्रं बांधून येतात, मेजवानीच्या दालनाची पार नासधूस करतात, भूत पेटीत कोंबतात आणि बाहेर येऊन मॅनेजरला हिशेब सांगतात: पकडण्याचे चार हजार डॉलर, यंत्र चार्ज करणं आणि भूत साठवून ठेवणं याचे एक हजार. मॅनेजर पैसे द्यायला नकार देतो. हरकत नाही, भूत परत आत सोडतो, म्हणत मंडळी मागे वळतात. मॅनेजर मुकाट्याने कबूल होतो. आयव्हन राइटमन दिग्दर्शित ‘घोस्टबस्टर्स’ (१९८४) हा चित्रपट का गाजला, याचं उत्तर या प्रसंगात आहे. त्यातली गंमत भुतात नाही, भुताचं बिल लावण्यात आहे. कोलंबिया विद्यापीठाने हाकललेले प्राध्यापक एकाचं वडिलोपार्जित घर गहाण टाकून कर्ज काढतात, अग्निशमन दलाची जुनी इमारत घेतात, टीव्हीवर जाहिरात देतात आणि गिऱ्हाइकांची वाट बघत बसतात. पुढे पर्यावरण खात्याचा अधिकारी परवान्यावरून हुज्जत घालतो आणि त्यातूनच शहरावर संकट कोसळतं.

ही गंमत आपोआप जमलेली नव्हती. मूळ कल्पना डॅन अ‍ॅक्रॉइडची. त्याच्या घराण्यात पणजोबांपासून प्रेतात्म्यांना बोलावण्याच्या बैठका चालत, त्यामुळे त्याच्यासाठी हा विषय थट्टेचा नव्हताच. त्याचा पहिला आराखडा भविष्यकाळात आणि निरनिराळ्या मितींत हिंडणारा, अवाढव्य खर्चाचा होता. राइटमनने तो आजच्या न्यू यॉर्कमध्ये आणायला लावला: हे लोक धंदा सुरू कसा करतात, तेवढं सांगू या. मग हॅरॉल्ड रॅमिसच्या साथीने पटकथा नव्याने लिहिली गेली. लेखकाची भुतांवरची श्रद्धा आणि पात्रांचा रोकडा व्यवहार यांच्या रस्सीखेचीतून विनोद निघाला.

२०२१ साली आलेल्या ‘घोस्टबस्टर्स: आफ्टरलाइफ’ने मालिकेला पुन्हा जीव दिला खरा, पण नेमका हा धंदाच बंद करून. दिग्दर्शक आयव्हन यांचा मुलगा जेसन राइटमन. गोष्ट न्यू यॉर्क सोडून ओक्लाहोमातल्या एका शेतावर जाते. मूळ तिघांपैकी एक, रॅमिसने साकारलेला एगॉन, तिथे एकटाच वारला आहे आणि कर्जाने पिचलेली त्याची मुलगी दोन पोरांना घेऊन त्या पडक्या घरात राहायला येते. नात फीबीला भूत पकडायचा सापळा सापडतो, तळघरात पाठीवर बांधायचं ते यंत्र सापडतं, नातवाला गोठ्यात जुनी कॅडिलॅक. या प्रत्येक वस्तूवर कॅमेरा असा रेंगाळतो, जणू गाभाऱ्याचा पडदा बाजूला होतोय. १९८४मध्ये हीच यंत्रं कामावरची होती; कुरकुरत वापरायची हत्यारं. पोरं गाडी घेऊन गावभर एका भुताचा पाठलाग करतात तो प्रसंग मजेदार आहेच, पण त्यांना बोलावलेलं कुणी नाही, पैसे देणारंही कुणी नाही. नासधूस तशीच होते, बिल मात्र फाडलं जात नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: धंद्याचा विनोद पुन्हा करून पाहिला होता की! पॉल फीगच्या २०१६च्या चित्रपटात चार बायकांनी तेच दुकान थाटलं आणि चित्रपट तोट्यात गेला. पण आकडे नीट पाहावेत. त्या चित्रपटाचा खर्च सुमारे १४.४ कोटी डॉलर आणि जगभरातली कमाई सुमारे २३ कोटी. ‘आफ्टरलाइफ’चा खर्च साधारण ७.५ कोटी, कमाई २० कोटींच्या थोडी वर. म्हणजे तोट्यातल्या चित्रपटाने गल्ला जास्तच जमवला होता. तो बुडाला खर्चाच्या ओझ्याने. शिवाय तो पडद्यावर येण्याआधीच ट्रेलरवर शिव्यांचा पाऊस पडला होता, त्याचं विनोदाशी काही देणंघेणं नव्हतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. रॅमिस २०१४ साली गेला. मित्र गेल्यावर थट्टा कसली करायची? शेवटी एगॉनचं भूत संगणकाच्या मदतीने उभं राहतं आणि एक शब्द न बोलता नातीच्या यंत्राला हात लावतं, तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खोटं म्हणायचं कारण नाही. पण याच मंडळींनी आधीही एक मित्र गमावला होता. मुख्य भूमिका मुळात जॉन बेलुशीसाठी लिहिली जात होती आणि तो १९८२ साली वारला. हॉटेलातलं ते हिरवं, अधाशी, ताटंच्या ताटं फस्त करणारं भूत म्हणजे बेलुशीच, असं अ‍ॅक्रॉइड सांगत आला आहे. दिवंगत मित्राला त्यांनी खादाड भूत केलं, पेटीत कोंबलं आणि वर पाच हजार डॉलर वसूल केले. श्रद्धांजली याहून प्रेमळ असू शकते का? विनोदाला शोक झेपत नाही, हे म्हणणं या मालिकेपुरतं तरी टिकत नाही.

मराठी प्रेक्षकाला इथे ‘झपाटलेला’ आठवेल. महेश कोठारे यांच्या १९९३च्या चित्रपटाचा पुढचा भाग २०१३ साली आला, तेव्हा लक्ष्मीकांत बेर्डे हयात नव्हते आणि नायक होता त्यांनी साकारलेल्या लक्ष्याचा मुलगा. पण बाहुल्यातला तात्या विंचू होता. बाहुला म्हातारा होत नाही, आणि त्या चित्रपटाचं निम्मं इंजिन त्याच्यातच होतं. ‘घोस्टबस्टर्स’ला ही सोय नाही. तिथलं भूत म्हणजे फक्त गिऱ्हाइकाची तक्रार. सगळा भार ती सोडवणाऱ्या कामगारांवर. ते काम वारसांच्या हाती न देता नुसता गणवेश दिला, तर उरते ती कपड्यांची आठवण.

‘घोस्टबस्टर्स’ मालिकेच्या पुढच्या भागात, २०२४च्या ‘फ्रोझन एम्पायर’मध्ये, गाडी पुन्हा न्यू यॉर्कच्या त्या जुन्या इमारतीत परतते, दिग्दर्शक गिल केनन. गंमत अशी की त्यातल्या चांगल्या कल्पना दुकानातल्याच आहेत. चाळीस वर्षं भुतं कोंबून साठवणीची टाकी भरत आली आहे, आणि फीबी अल्पवयीन असल्यामुळे तिला कामावरून घरी बसवलं जातं. बसवणारा तोच जुना पर्यावरण अधिकारी, आता महापौर झालेला. एवढ्यावर अख्खा चित्रपट उभा राहिला असता. पण जुनी पात्रं, नवी पात्रं आणि शहर गोठवणारा दैत्य यांच्या गर्दीत टाकीचं पुढे काय करायचं, याला पुरेसा वेळच मिळत नाही.